कुटीचा कर्ता : मीराबेन, गांधीजी आणि सेवाग्रामचे मातीचे घर

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम आश्रमात अनेक लहानमोठ्या कुट्या आहेत. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, महादेव कुटी, परचुरे कुटी, आखिरी निवास अशी त्यांची नावे. ही नावे ओळीने वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक नावे राहणाऱ्याची आहेत, बांधणाऱ्याचे एकही नाही. घरांच्या बाबतीत यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण घर हे राहणाऱ्याचेच असते असे आपण धरून चालतो. बापू कुटीच्या बाबतीत मात्र हा समज थोडा अडखळतो. देशोदेशीची माणसे जी कुटी पाहायला येतात, ती मुळात बापूंसाठी बांधलेलीच नव्हती. मीराबेन यांनी ती स्वतःसाठी उभी केली होती. पुढे गांधीजी तेथे राहायला आले आणि कुटीला त्यांचे नाव मिळाले.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. संहितेचा कर्ता कोण, आश्रयदात्याचे तिच्यावर किती ऋण, वाचकाने तिला दिलेला अर्थ कोणाच्या खात्यावर जमा करायचा, या प्रश्नांचा आपण कवितेच्या आणि पोथीच्या संदर्भात पुष्कळ ऊहापोह केला आहे. प्रस्तुत लेखात तेच प्रश्न आम्ही एका मातीच्या घराला विचारून पाहणार आहोत. या घराची कहाणी स्थपती आणि यजमान यांच्या नात्याची आहे. त्याचबरोबर ती जवळच मिळणाऱ्या माती, लाकूड आणि बांबू यांच्या साहाय्याने माणूस स्वतःविषयी काय सांगू शकतो, याचीही आहे.

स्थपती आणि यजमान

‘स्थपती’ आणि ‘यजमान’ हे दोन शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरत आहोत. ‘मयमत’सारख्या वास्तुग्रंथांत बांधकाम करणाऱ्यांचे स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी असे चार प्रकार सांगितलेले आहेत. ज्याच्यासाठी घर बांधायचे तो यजमान. यज्ञात ऋत्विजांनी कर्म करायचे आणि फळ यजमानाला मिळायचे, तीच कल्पना येथे वास्तूला लागू झालेली दिसते. आज आपण सर्रास ‘आर्किटेक्ट’ आणि ‘क्लायंट’ म्हणतो. त्या जोडीत एकाने पैसे मोजायचे आणि दुसऱ्याने सेवा पुरवायची, असा व्यवहार गृहीत असतो. जुन्या जोडीत मात्र कर्म आणि फळ यांच्या वाटणीचा एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या वाटणीची दोन लक्षणीय उदाहरणे आहेत. पहिले वेरूळच्या कैलास लेण्याचे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने ते करविले, हे आपल्याला कळते ते नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदे ताम्रपटावरून. हे आपण कसे काय घडवले, असे आश्चर्य खुद्द शिल्पकारालाच वाटले, असे वर्णन त्या ताम्रपटात आले आहे. राजाचे नाव तेथे आहे, शिल्पकाराचे आश्चर्यही आहे, त्याचे नाव मात्र नाही. दुसरे उदाहरण रायगडाचे. तेथील जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे, तेही ‘सेवेस तत्पर’ अशा आशयाच्या शब्दांसह. दर्शनाला येणाऱ्या राजाचे पाऊल आपल्या नावावर पडावे म्हणून हिरोजींनी ही जागा मागून घेतली, अशी आख्यायिका सांगितली जाते. नाव तर राहिले, पण पायाखाली राहिले, आणि तसे ते राहावे हीच नाव कोरणाऱ्याची इच्छा होती.

मीराबेन यांच्या कुटीकडे या दोन उदाहरणांच्या मधून पाहावे असे आम्हाला वाटते.

आरमारी अधिकाऱ्याची मुलगी

मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातील वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या नेमणुकीमुळे मॅडलिन तरुणपणी काही काळ मुंबईतही राहून गेली होती. पण तो हिंदुस्थान साहेबांच्या मेजवान्यांचा होता, त्याने तिच्या मनावर फारसा ठसा उमटवला नाही. तिचे बालपण आजोळच्या डॉर्किंगजवळच्या मोठ्या घरात, बागेत आणि घोड्यांच्या सहवासात गेले. पुढे बेथोव्हनच्या संगीताने ती झपाटली. त्या वेडापायी ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेली, आणि गांधीजींविषयी प्रथम ऐकले ते त्यांच्याकडून. १९२४ साली प्रसिद्ध झालेले रोलाँ यांचे गांधीचरित्र वाचल्यावर तिने आपल्या आयुष्याची दिशा ठरवली. वर्षभर सूतकताई, जमिनीवर झोपणे आणि शाकाहार यांचा सराव करून ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती साबरमतीला पोहोचली. ‘मीरा’ हे नाव तिला गांधीजींनी दिले.

हा तपशील सांगण्याचे कारण असे, की मीराबेन यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांच्यापाशी होते ते प्रशस्त घरात वाढलेल्या माणसाचे जागेविषयीचे भान, बागकाम आणि जनावरे यांच्या संगतीतून आलेली हातांची सवय, आणि स्वतः स्वीकारलेली अपरिग्रहाची शिस्त. या तिन्हींचा योग १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात जुळून आला.

सेगाव, १९३६

१९३० साली दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही, असा निश्चय केला होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे ते पुढे वर्ध्याला आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. परंतु मगनवाडी शहरालगत होती. खेड्यांविषयी बोलणाऱ्याने खेड्यात राहिले पाहिजे, ही टोचणी गांधीजींना होती. मीराबेन त्यांच्या आधीच खेड्यात गेल्या. प्रथम वर्ध्याजवळच्या सिंदी गावात त्यांनी सफाईचे काम केले. मग त्या सेगावात राहू लागल्या. जमनालालजींची तेथे मालगुजारी होती. गाव लहान आणि गरीब होते. वस्तीत दलितांची संख्या मोठी होती, आणि गावापर्यंत धड रस्ताही नव्हता. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात आले. विदर्भातल्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकीच्या ठिकाणी जाई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ असे बदलण्यात आले.

गांधीजींसाठी प्रथम बांधले गेले ते आदि निवास. त्याच्या बांधकामाची देखरेख मीराबेन यांच्याकडे होती. यजमानाच्या अटी स्पष्ट होत्या. खर्च अगदी कमी हवा, साहित्य परिसरातले हवे, हात गावातल्या कारागिरांचे हवेत. ही कल्पना गांधीजींनी लगेचच लेखी स्वरूपातही मांडली. जानेवारी १९३७ मध्ये ‘हरिजन’ पत्रात आदर्श खेड्याचे वर्णन करताना, तेथील घरे भरपूर उजेड आणि वारा खेळणारी असावीत आणि पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेली असावीत, असे त्यांनी लिहिले. वास्तुविचाराच्या इतिहासात हे पाच मैल पुढे फार प्रसिद्ध झाले. ते लिहिले गेले तेव्हा लिहिणारा स्वतः तशाच घरात राहत होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. त्याच सुमारास, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याच्या नगराची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून केली होती. सेगावची कुटी आणि फैजपूरचे नगर या एकाच विचाराच्या दोन शाखा होत. फरक इतकाच, की नगर काही दिवसांचे होते आणि कुटीत पावसाळा काढायचा होता.

काळी आणि पांढरी

पाच मैलांची अट कागदावर सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात ती घर बांधणाऱ्याला त्या मुलखाचे भूगोल-ज्ञान शिकायला लावते. मराठीत गावाच्या जमिनीची ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी वाटणी आहे. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आपल्या कागदपत्रांत आणि ग्रामदैवतांच्या संदर्भात हे शब्द वारंवार भेटतात, पण त्यांच्यामागे बांधकामाचे साधे शहाणपणही आहे. वऱ्हाड-वर्ध्याची काळी माती कापसाला उत्तम. पण पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. तिची भिंत टिकत नाही आणि तिच्यावर पाया स्थिर राहत नाही. भिंतीला लागते ती फिकट रंगाची, चिकटपणा बेताचा असलेली माती. तिच्यात गवताचा भुसा आणि शेण मिसळायचे, ते पाण्यात मुरवायचे, पायांनी तुडवायचे आणि मगच हाती घ्यायचे, ही रीत येथल्या माणसांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती.

कुटी उभी राहिली ती लाकूड, बांबू आणि माती यांची. वर बांबूच्या आधाराने देशी कवेलूचे उतरते छप्पर, खाली शेणाने सारवलेली भुई, सभोवार सावली धरणारी पडवी. वर्ध्याचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्याला या रचनेचे मर्म वेगळे सांगायला नको. जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन हळूहळू आत घेते आणि रात्री सोडते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. पडवीमुळे भिंतीवर थेट ऊनही पडत नाही आणि पावसाचा सपकाराही बसत नाही. हे ज्ञान मीराबेन यांचे नव्हते, गावाचे होते. मीराबेन यांचे काम निवडीचे होते. काय ठेवायचे, काय वगळायचे, कोणती जागा कोणत्या कामाला द्यायची आणि कशाला किती उंची द्यायची, हे त्यांनी ठरवले. संपादकाच्या कामाशी याचे फार जवळचे साम्य आहे.

त्यांची सही म्हणता येईल अशी एकच गोष्ट कुटीच्या भिंतीवर आहे. ओल्या मातीतच त्यांनी ताडांची झाडे आणि चरखा यांच्या उठावाच्या आकृती घडवल्या. रंग नाही, वेगळे साहित्य नाही. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचे. हिरोजींनी नावासाठी पायरी निवडली, मीराबेन यांनी नावाऐवजी झाड निवडले. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ती आकृती भिंतीपासून वेगळी करता येत नाही.

यजमान बदलतो

आदि निवासात एकाच मोठ्या खोलीत सगळ्यांचा वावर असे. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, आजारी माणसे, सारे तेथेच. खान अब्दुल गफार खान तेथे राहून गेले. १९३६ मध्येच तुकडोजी महाराजही गांधीजींच्या सहवासात तेथे राहिले होते. एकांत आणि विश्रांती यांची गरज वाढत गेली, तेव्हा गांधीजी मीराबेन यांच्या कुटीत राहायला गेले. कुटीत काही भर घालण्यात आली आणि स्थपतीने स्वतःसाठी बांधलेले घर यजमानाचे झाले.

या बदलाकडे भक्तीच्या नजरेने पाहणे सोपे आहे, आणि शोषणाच्या नजरेने पाहणेही तितकेच सोपे. आमच्या मते दोन्ही नजरा अपुऱ्या पडतात. गांधीजींचा सहवास मिळावा ही मीराबेन यांची आयुष्यभराची ओढ होती, आणि त्या ओढीला अंतर शिकवण्याचा गांधीजींचा प्रयत्न सतत चालू होता. त्यांच्या पत्रांत हा ताण पदोपदी जाणवतो. मीराबेन यांनी ही पत्रे स्वतः संकलित केली आणि १९४९ साली ती ‘नवजीवन’ने इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्या पुस्तकात पत्रे गांधीजींची आहेत आणि टिपा मीराबेन यांच्या. त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रे तेथे नाहीत. त्यामुळे संवादाची एकच बाजू वाचकासमोर येते, आणि दुसरी बाजू टिपांमधून ओळखून घ्यावी लागते. कुटीमध्ये नेमके याच्या उलट घडले आहे. तेथे मूळ संहिता मीराबेन यांची आहे, आणि गांधीजींनी तिच्यात राहून तिच्यावर भाष्य केले आहे. भाष्य इतके प्रभावी ठरले, की संहितेचे नावच बदलले. आपल्या परंपरेत असे घडत आले आहे. एखादा मूळ ग्रंथ आपण टीकाकाराच्या नावानेच ओळखू लागतो.

हे भाष्य कसे होते, हे कुटीतल्या वस्तूंवरून दिसते. जमिनीवरची बैठक, ठेंगणे मेज, चरखा, तीन माकडांची छोटी मूर्ती. साप पकडून दूर सोडण्यासाठी ठेवलेला चिमटा आणि पिंजरा, कारण माळावरच्या मातीच्या घरात साप येणारच आणि त्यांना मारायचे नाही हे ठरलेले. व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसवलेला दूरध्वनीही या आश्रमात होता. पाच मैलांच्या परिघात न मावणारी ही वस्तू लपवलेली नाही, हे महत्त्वाचे.

इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथील एका परिषदेत या कुटीवर भाषण केले. कुटीत बसून त्यांनी तिचा विचार केला होता. तिच्यात त्यांना सात प्रकारच्या जागा दिसल्या. पादत्राणे काढून ठेवण्याची, सर्वांनी मिळून बसण्याची, गांधीजींच्या कामाची, पाहुण्याची, आजारी माणसाची, उघड्या पडवीची आणि प्रशस्त न्हाणीघराची. प्रत्येक जागेचा दुसऱ्या जागेशी संबंध आहे, आणि या संबंधांतूनच राहण्याला अर्थ येतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. या यादीत आमचे लक्ष वेधले ते पाहुण्याच्या आणि आजाऱ्याच्या जागांनी. लहान घराचा आराखडा करताना कोणताही यजमान प्रथम याच दोन जागा कमी करेल. येथे त्या राखलेल्या आहेत. परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी जवळच कुटी उभी राहिली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. घरातली जागा आणि मनातली जागा यांचे नाते शोधणाऱ्याला हा पुरावा पुरेसा आहे.

निवडलेली माती आणि लादलेली माती

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो गंभीर आहे. आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने मातीचे घर निवडले, बॅरिस्टराने त्यात राहणे पसंत केले, पण सेगावातल्या दलित कुटुंबाने ते कधी निवडले होते? त्यांच्या वाट्याला माती आली ती दुसरे काही परवडत नव्हते म्हणून, आणि पांढरीतली त्यांची जागाही गावाने ठरवून दिलेली होती. गांधीजींचे दारिद्र्य सांभाळायला किती खर्च येतो, या आशयाचा सरोजिनी नायडू यांच्या नावावर सांगितला जाणारा विनोद सर्वश्रुत आहे. त्याहून मूलगामी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमाचा समाचार घेतला. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले. आपल्या दलित आत्मकथनांत पावसाळ्यात गळणाऱ्या, दरवर्षी खचणाऱ्या भिंतींची जी घरे येतात, ती वाचलेल्या माणसाला मातीच्या भिंतीचे सौंदर्य सांगताना जीभ चाचरली पाहिजे.

‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हे दोन शब्द या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. सरकारी भाषेत मातीचे घर कच्चे आणि सिमेंटचे पक्के. १९८५ ची इंदिरा आवास योजना असो की २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), गरिबाला पक्के घर मिळावे ही त्यांची प्रतिज्ञा आहे, आणि गरिबाची मागणीही तीच आहे. ही मागणी अज्ञानातून आलेली आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्याला पिढ्यानपिढ्या कच्चेपण भोगावे लागले, त्याला पक्केपणाचा मोह पडणे हे स्वाभिमानाचेही लक्षण आहे.

तरीही कुटीचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. लादलेली माती आणि निवडलेली माती यांत साहित्य तेच असते, फरक पडतो तो स्थपती आणि यजमान यांच्यातल्या संवादाने. मजुराच्या झोपडीत उजेडासाठी भोक पाडावे की नाही, हे कोणी बसून ठरवलेले नसते. पण योजनेतून मिळणाऱ्या सिमेंटच्या खोलीबद्दलही, राहणाऱ्या बाईला चूल कोठे हवी, हे बहुधा कोणी विचारत नाही. म्हणजे उणीव विचारणाऱ्याची आहे. बापू कुटीचे वैशिष्ट्य मातीइतकेच या विचारपूस करण्यात आहे. तिच्यातली प्रत्येक जागा कोणासाठी तरी विचार करून ठेवलेली आहे.

पाच मैलांचा वारसदार

या विचारपुशीचे पुढे काय झाले, याचे उत्तर शोधताना आणखी एका इंग्रज माणसाकडे जावे लागते. लॉरी बेकर यांचा जन्म १९१७ चा, बर्मिंगहॅमचा. ते शिक्षित वास्तुविशारद होते. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये शुश्रूषेचे काम करून परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत अडकले, आणि तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांचा विचार आपण गांधीजींकडून ऐकला, असे बेकर पुढे आवर्जून सांगत. १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या वसाहतींच्या कामासाठी ते भारतात आले. डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह झाल्यावर पिथोरागडच्या डोंगरात त्यांनी अनेक वर्षे काढली आणि नंतर ते केरळात स्थायिक झाले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

बेकर यांनी मातीचा हट्ट धरला नाही. जेथे भाजलेली वीट जवळ मिळते तेथे वीट, जेथे दगड तेथे दगड, जेथे माती चांगली तेथे माती, अशी त्यांची रीत होती. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून त्यांनी मधे पोकळी ठेवली. त्यामुळे विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते आणि घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीट फारसे काम करत नाही, तेथे त्यांनी मंगळुरी कौले भरली. काचेच्या खिडकीऐवजी विटांची जाळी लावली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे त्यांची यजमानांशी वागण्याची पद्धत. ते घरमालकाशी स्वतः बोलत, जागेवर जाऊन झाडे आणि उतार पाहत, कागदाच्या कपट्यावर रेखाटने करीत, आणि बांधकाम चालू असताना गवंड्यांबरोबर उभे राहून आराखडा बदलीत. दोन यजमानांना सारखेच घर त्यांनी दिले नाही, कारण दोन कुटुंबे सारखी नसतात असे त्यांचे म्हणणे होते. मध्यमवर्गीय कारकून, शिक्षक आणि मच्छीमार यांनाही स्थपती मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९८५ साली स्थापन झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’ या संस्थेमार्फत हे काम पुढेही चालू राहिले.

मीराबेन आणि बेकर दोघेही इंग्रज असावेत, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. कच्च्या-पक्क्याच्या प्रतिष्ठेचे ओझे त्यांच्या मनावर नव्हते, म्हणून कदाचित त्यांना गावच्या कारागिराचे ज्ञान ज्ञान म्हणून दिसले. आम्हाला ते दिसायला परक्या नजरेची मध्यस्थी लागली, ही गोष्ट खेदाची खरी, परंतु लोकसाहित्याच्या संकलनाच्या इतिहासातही आपण हेच अनुभवले आहे.

सारवण

शेवटी पुन्हा कर्तृत्वाच्या प्रश्नाकडे येऊ. कुटीचा कर्ता कोण? आराखडा मीराबेन यांचा, अटी आणि वास्तव्य गांधीजींचे, जमीन जमनालालजींची, हात गावच्या कारागिरांचे. पण मातीच्या घराचे कर्तृत्व बांधून झाल्यावर संपत नाही. दगडी लेणे एकदा कोरले की हजार वर्षे तसेच राहू शकते. मातीची भिंत पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, भुई आठवड्या-पंधरवड्याला सारवावी लागते, कवेलू दरसाल फेरावे लागतात. मातीचे घर टिकते याचा अर्थ कोणीतरी ते पुनःपुन्हा करीत राहते. आपल्याकडे हे काम बहुतांशी बायकांचे राहिले आहे, आणि घरांच्या इतिहासात त्यांच्यासाठी स्थपती, सूत्रग्राही, तक्षक, वर्धकी यांच्यासारखा पाचवा शब्द कोणी केला नाही.

जात्यावरच्या ओवीशी याची तुलना करता येईल. ओवी एका बाईने रचलेली असते, पण ती टिकते ती दुसऱ्या बाईने म्हटल्यामुळे. म्हणताना ती थोडी बदलते, तरी ओवी तीच राहते. तिच्या कर्त्रीचे नाव विचारणे अप्रस्तुत नाही, परंतु केवळ पहिल्या बाईचे नाव सापडल्याने उत्तर पुरे होत नाही. गांधीजींनी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले आणि पुन्हा ते तेथे राहायला येऊ शकले नाहीत. मीराबेन पुढे हिमालयाच्या पायथ्याशी काम करीत राहिल्या, १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. तेथे बेथोव्हनच्या मुलखात त्या अखेरपर्यंत राहिल्या. स्थपती आणि यजमान दोघेही गेल्यानंतर कुटी उभी आहे, ती माती लिंपणाऱ्या अनाम हातांमुळे.

वाङ्मयाच्या वर्गात कर्तृत्वाचा प्रश्न शिकवताना आपण कवी, आश्रयदाता आणि टीकाकार यांच्यापाशी थांबतो. पोथी उतरवून घेणाऱ्याचा, पाठ राखणाऱ्याचा विचार प्रस्तावनेतल्या एखाद्या परिच्छेदात उरकतो. सेवाग्रामच्या कुटीपुढे उभे राहिल्यावर हा क्रम बदलावा असे वाटते. भिंतीवरचे मातीचे ताड नीट पाहायचे तर जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की ताडाच्या शेजारी सारवणाच्या बोटांचे वळही दिसू लागतात.